राजीनाम्याआधी तीन ॲम्प

नोकरी सोडून व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचे) ॲम्प्लिफायर बनवायचं मनात असेल, तर आधी एकच डिझाइन तीनदा बांधा. पहिला नग हौसेने कुणीही वाजवून दाखवतो. तिसऱ्याची व्होल्टेजं पहिल्याशी ५ टक्क्यांच्या आत जुळली, की विकण्याजोगं काही हाती लागलं म्हणायचं.

डिझाइन साधं घ्या: सिंगल-एंडेड (चॅनलमागे एकच आउटपुट व्हॉल्व्ह) स्टिरिओ, आउटपुटला दोन ईएल८४, त्यांच्याआधी एक ईसीसी८३ व्हॉल्व्ह, चॅनलमागे साधारण ५ वॉट. बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) जुने व्हॉल्व्ह रेडिओ दुरुस्तीवाल्यांकडे कधी सापडतात. ते घरच्या नगाला ठेवा. गिऱ्हाइकाच्या नगात आज बनणारेच घाला, बदली मिळायला हवी.

खरी डोकेदुखी ट्रान्सफॉर्मरची. पॉवरला २००-०-२०० व्होल्ट, २५० मिलीअँपियर, आणि हीटरला (व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेला) ६.३ व्होल्ट, ३ अँपियर (लागतात १.८२). आउटपुटला ५ किलोओहम ते ८ ओहम, दोन नग. वाइंडरला (ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याला) ‘५० मिलीअँपियर डीसी वाहणार, गॅप ठेवा’ हे कागदावर लिहून द्या. हाताच्या सवयीने तो गाभ्याचे ई आणि आय आकाराचे पत्रे उलटसुलट भरतो. इथे सगळे ई एका बाजूने, सगळे आय दुसऱ्या बाजूने आणि मधे कागदाची पट्टी. गॅप नसेल तर डीसीनेच गाभा सॅच्युरेट होतो (चुंबकत्वाने भरून जातो) आणि डग्गा पुठ्ठ्याच्या खोक्यासारखा वाजतो.

सप्लाय: दोन यूएफ४००७ डायोड, ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, १० हेन्रीचा चोक (लहरी रोखणारी कॉइल), मग १०० मायक्रोफॅरड. दोन्ही कपॅसिटर ४५० व्होल्टचेच. डायोड लगेच व्होल्टेज देतात, व्हॉल्व्ह तापेपर्यंत भार नसतो. घरात २५० व्होल्ट येत असतील तर तेवढ्यात ३०० ओलांडतात. शेवटच्या कपॅसिटरवर १०० किलोओहम, ३ वॉटचा ब्लीडर (बंद केल्यावर चार्ज उतरवणारा रेझिस्टर). तरी बंद केल्यावर मीटर लावल्याशिवाय आत हात नको, आणि चालू असताना एक हात खिशात.

पहिल्यांदा १०० वॉटचा पिवळा बल्ब सिरीजमध्ये घालून चालू करा, स्पीकरच्या जागी ८ ओहम, १० वॉटचे रेझिस्टर. बल्ब भपकन पेटून मंद झाला तर ठीक. लख्ख राहिला तर शॉर्ट आहे.

बल्ब काढून ईएल८४च्या कॅथोडवर मोजा. तिथल्या १५० ओहमच्या रेझिस्टरवर साडेसात-आठ व्होल्ट, म्हणजे ५०-५३ मिलीअँपियर. त्यातले पाचेक स्क्रीन ग्रिडचे वजा करा, उरलेल्याला प्लेट-कॅथोड व्होल्टेजने गुणा. १२ वॉट ही मर्यादा आहे. तिच्या वर गेलात तर व्हॉल्व्ह लवकर मरेल.

प्लेट लाल दिसली की लगेच बंद करा. पुन्हा क्षणभर चालू करून ईएल८४च्या पिन २वर (ग्रिडवर) डीसी बघा, शून्य हवं. पॉझिटिव्ह असेल तर व्हॉल्व्ह बदला. तरीही तसंच राहिलं तर कपलिंग कपॅसिटर (ईसीसी८३कडून सिग्नल आणणारा) गळतोय. तिथे ०.१ मायक्रोफॅरड, ६३० व्होल्टचा घाला.

घरघर ऐकताना सूर ओळखा. ५० हर्ट्झची खोल घुमघुम बहुधा हीटरची: तारा घट्ट पिळा, दोन्हींकडून १०० ओहम ग्राउंडला द्या. १०० हर्ट्झची जाड भुणभुण असेल तर बहुतेक वेळा पहिल्या कपॅसिटरची ग्राउंड तार इनपुटच्या ग्राउंडला मिळालेली असते. ती ट्रान्सफॉर्मरच्या मधल्या टोकाशीच जोडा. फीडबॅक (आउटपुटचा थोडा भाग मागे देणं) लावताच शिट्टी आली, तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीची टोकं अदलाबदल करा.

तिन्ही नगांचे तास वहीत मांडा, वाइंडरकडच्या फेऱ्या धरून. किंमत त्यावरून काढायची. राज्याबाहेर विकणार असाल तर जीएसटी नोंदणी आधी करा. आणि ट्रान्सफॉर्मरचा एक जास्तीचा संच कपाटात असू द्या, वाइंडरची तारीख पाळली जाईलच असं नाही.