भरती-ओहोटीच्या गावातील धर्मगुरू : नव्याने नेमणूक झालेल्यांसाठी काही अनुभव

एका अंगाला अरबी समुद्र आणि दुसऱ्या अंगाला खाडी व खारफुटी असलेल्या पट्ट्याला धारावी बेट म्हणतात. गोराई, मनोरी, उत्तन, डोंगरी, पाली ही गावे त्यात येतात. मार्वे किंवा बोरिवलीकडून होडीने, नाहीतर भाईंदरहून रस्त्याने तेथे पोहोचता येते. १९९८ मध्ये वसईचा स्वतंत्र कॅथलिक धर्मप्रांत (एका बिशपच्या अधिकाराखालचा प्रदेश) झाला, तरी हे बेट मुंबई महाधर्मप्रांतातच राहिले. येथील एका कोळीवाड्याच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मी आधी साहाय्यक आणि पुढे प्रमुख धर्मगुरू म्हणून सेवा केली. जे सेमिनरीत, म्हणजे धर्मगुरू घडवणाऱ्या विद्यालयात, शिकत आहेत किंवा ज्यांच्या हाती नुकतेच नेमणुकीचे पत्र पडले आहे, त्यांना उपयोगी पडावे म्हणून हे लिहीत आहे.

शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. चर्चच्या धर्मनियम संहितेनुसार तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा पूर्ण वर्षांचा अभ्यास लागतो, आणि पंचविसावे वर्ष पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा (धर्मगुरुपदाची दीक्षा) मिळत नाही. पूर्वतयारीचा काळ धरला, तर प्रत्यक्षात याहून अधिक वर्षे जातात. या काळात उपदेश करायला, पापनिवेदन (कन्फेशन) ऐकायला आणि विधी चालवायला आपण शिकतो. पण चतुर्दशीला धर्मग्राम परिषदेची बैठक का बोलावू नये, हे गावात आल्यावरच कळते.

कारण असे की, डोलजाळीची, म्हणजे प्रवाहात बांधून ठेवलेल्या पिशवीसारख्या जाळ्याची, मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाणाचे पाणी जोरात वाहते, तेव्हा बोटी समुद्रात असतात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती-ओहोटी, असतो, ओढ मंदावते आणि पुरुष घरी सापडतात. म्हणून माझ्या टेबलावर उपासनेच्या दिनदर्शिकेशेजारी तिथ्यांचे कॅलेंडर कायम असे. विवाहपूर्व भेटी, मुलांच्या पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी (कम्युनियनसाठी) पालकांची सभा, लहान ख्रिस्ती समूहांची घरगुती प्रार्थना हे सारे मी भांगाच्या दिवसांत ठेवू लागलो आणि उपस्थितीतला फरक लगेच दिसला. रविवारच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेला, तांडेल (बोटीचे प्रमुख) आणि खलाशी दिसत नाहीत, म्हणून त्यांची श्रद्धा थंडावली असा निष्कर्ष नवख्या धर्मगुरूने काढू नये. ईस्टर वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणाऱ्या रविवारी असतो, म्हणजे पवित्र सप्ताह पौर्णिमेला लागूनच येतो. कमाईचे दिवस पुष्कळदा त्यातच पडतात, आणि तरीही आमच्या गावातल्या बोटी गुड फ्रायडेला किनाऱ्याला असत. या त्यागाचा उल्लेख उपदेशात आवर्जून करावा; तो शब्दांत मांडलेला ऐकणे हा त्या लोकांचा हक्क आहे.

रोजची सकाळ लवकर सुरू होते. मासळीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघणाऱ्या बाया मिस्सेसाठी थांबू शकत नाहीत. त्या चर्चच्या दारातल्या क्रूसाला हात लावून पुढे जातात. त्या वेळी दार उघडे असावे आणि शक्य तर आपण तेथे उभे असावे, कारण घरातल्या आजारपणाची, मुलाच्या परीक्षेची किंवा नवऱ्याच्या दारूची बातमी त्या दोन मिनिटांतच कळते. दिवसभरातला मोठा वेळ कार्यालयातील नोंदवह्यांना लागतो. स्नानसंस्कार (बाप्तिस्मा), विवाह आणि मृत्यू यांच्या वह्या अचूक ठेवणे हे धर्मनियमांनी प्रमुख धर्मगुरूवर सोपवलेले कर्तव्य आहे, आणि विवाहाची नोंद स्नानसंस्काराच्या वहीतही करावी लागते. एकाच नावाची आणि आडनावाची अनेक माणसे असलेल्या गावात आजोबांचे नाव, घराचे नाव आणि पाखाडी (गावातली वस्ती) विचारल्याशिवाय दाखला देऊ नये. जुन्या वह्यांची पाने खारट, दमट हवेने लवकर खराब होतात. पावसाळ्यापूर्वी त्या तपासून त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत.

आजाऱ्यांकडे जाण्यात दिरंगाई करू नये, कारण मोठ्या उपचारांसाठी रुग्णाला बेटाबाहेर न्यावे लागते, आणि रात्री होडी नसली की रस्त्याचा लांबचा वळसा उरतो. रुग्णाभ्यंगाचे, म्हणजे आजाऱ्याला तेल लावून करायच्या संस्काराचे, आशीर्वादित तेल गरज पडेल तेव्हा हाताशी असावे म्हणून जवळ बाळगण्याची मुभा धर्मनियमांनी प्रत्येक धर्मगुरूला दिली आहे. तेलाची छोटी डबी माझ्या खिशात कायम असे.

सर्वांत कठीण प्रसंग समुद्रात हरवलेल्या माणसाचा. बोट परत येते आणि एक खलाशी परतत नाही, किंवा बोटच परतत नाही. पहिले काही दिवस घरचे लोक किनाऱ्यावर असतात, इतर बोटी शोध घेतात, आणि धर्मगुरूने त्या घरात जाऊन बसायचे असते. अशा वेळी मृतांसाठीची मिस्सा सुचवण्याची घाई कोणत्याही परिस्थितीत करू नये. नातेवाईक काहीही म्हणोत, आई आणि पत्नी स्वतःहून तो शब्द उच्चारेपर्यंत त्या माणसासाठी जिवंत माणसाची प्रार्थना करावी. पुढे देह मिळालाच नाही, तर त्याच्याविना मृतांसाठीची मिस्सा अर्पण करता येते. दफनभूमीत कुटुंबाच्या जागी नाव कोरण्यालाही माझा पाठिंबा असे, कारण २ नोव्हेंबरला सर्व मृतांच्या स्मरणदिनी मेणबत्ती कोठे लावायची हा प्रश्न त्या घरापुढे दरवर्षी उभा राहतो. मात्र धार्मिक सांत्वन आणि कायद्याची बाजू वेगवेगळी ठेवावी. मृत्यूचा दाखला नसल्यामुळे विमा, बँकेतले पैसे आणि बोटीचे कर्ज अडकून पडते. सात वर्षे बेपत्ता असलेल्या व्यक्तीबाबत मृत्यूचे अनुमान करण्याची तरतूद भारतीय कायद्यात आहे. चर्चच्या नियमांत मात्र केवळ काळ लोटणे पुरेसे नाही. पत्नीला पुन्हा विवाह करायचा असेल, तर साक्षीपुरावे तपासून मृत्यूविषयी नैतिक खात्री पटल्यावरच बिशप तसे घोषित करू शकतात. म्हणून दुर्घटनेनंतर लगेचच, सोबतच्या खलाशांना दिवस, वेळ, पाण्याची स्थिती आणि शेवटचे काय पाहिले ते आठवत असतानाच, त्यांचे लेखी निवेदन घेऊन जपून ठेवावे. तरुण विधवेच्या पुढच्या आयुष्यासाठी त्या कागदाइतके उपयोगी दुसरे काही आपल्या हातून होणार नाही.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते. बाहेरच्या धर्मगुरूंना पावसाळा रिकामा वाटतो, पण आमच्याकडे पुरुषांशी निवांत बोलण्याचा काळ तोच. जाळी विणत बसलेल्यांजवळ जाऊन बसावे. कर्जाची, भावकीच्या वादाची आणि व्यसनाची बोलणी तेथेच निघतात. याच महिन्यांत घरभेटी पूर्ण कराव्यात. हंगाम सुरू होण्याआधी बोटींना आशीर्वाद देण्यासाठी बोलावणी येतात, आणि प्रत्येक बोटीवर, लहानातल्या लहान होडीवरसुद्धा, सारखाच वेळ द्यावा. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी शेतकरी कुटुंबांचा आगेरा, म्हणजे सुगीचा सण, असतो. कोळीवाड्यात राहणाऱ्या धर्मगुरूने शेतीवाल्या पाखाड्यांकडे दुर्लक्ष केले, तर ते दीर्घकाळ लक्षात राहते.

स्वतःसाठीही नियम हवा. धर्मप्रांतीय धर्मगुरू दारिद्र्याचे व्रत घेत नाही, पण मानधन बेताचे असते आणि एकटेपणा बराच. वर्षाला एक महिन्याची रजा घेण्याची मुभा आहे, ती घ्यावी. शेजारच्या धर्मग्रामातील धर्मगुरूंबरोबर आठवड्यातून एकदा जेवावे.

बदली काही वर्षांनी होतेच. पदभार देताना मालमत्तेची यादी आणि हिशेब नियमाप्रमाणे सुपूर्द होतात, परंतु त्यांच्याबरोबर एक साधी वहीही द्यावी. अंथरुणाला खिळलेले कोण, ख्रिस्तप्रसाद कोणाच्या घरी न्यायचा, कोणत्या दोन भावांना एका समितीत बसवू नये आणि रात्री-अपरात्री गाडी कोण काढते, एवढे त्या वहीत असावे. पापनिवेदनात ऐकलेले किंवा विश्वासाने सांगितलेले काहीही तिच्यात येऊ देऊ नये.