बर्फाच्या मुलखात जाणाऱ्या गोमंतकीयांसाठी गाडीची निवड

फोंडा, डिचोली, म्हापसा या भागांतील अनेक मुले शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी कॅनडाला जातात, आणि तिथला पहिला हिवाळा तोंडावर आला की त्यांच्यापैकी एखाद्याचा मला हमखास फोन येतो. "काका, जुनी गाडी बघून ठेवली आहे, चारही चाकांना ताकद मिळते असे सांगतात, घेऊ का?" मी ओटावा शहरात सहा हिवाळे गाडी चालवली असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येतो, आणि फोनवर सगळे सांगून होत नाही म्हणून ते इथे सविस्तर लिहीत आहे. ज्या मुलाने आजवर चोर्ला घाटातल्या धुक्यात आणि पहिल्या पावसाच्या निसरड्या रस्त्यावर गाडी चालवली आहे, त्याला निसरड म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. पण बर्फाचे निसरडेपण वेगळ्या जातीचे असते आणि त्यासाठी गाडी निवडताना आपल्या सवयीचे निकष पुरत नाहीत.

चारही चाकांना ताकद देणारी गाडी उपयोगी नक्कीच असते. बर्फात रुतलेली गाडी बाहेर काढताना आणि चढावर थांबून पुन्हा निघताना तिचा फरक लगेच कळतो. मात्र ब्रेक कोणत्याही गाडीत चारही चाकांना असतातच, त्यामुळे थांबण्याच्या आणि वळण्याच्या बाबतीत ही महागडी सोय काहीही जादा देत नाही. मी पहिल्या वर्षी नेमकी अशीच एक उंच गाडी घेतली होती आणि तिच्यावरचे बाराही महिने चालणारे टायर तसेच ठेवले होते. नोव्हेंबरच्या एका संध्याकाळी पुढचा सिग्नल लाल झाला, मी नेहमीसारखा ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची, म्हणजे ब्रेक दाबताना चाके अडकू न देणाऱ्या यंत्रणेची, खडखड सुरू झाली, आणि गाडी अगदी शांतपणे थांब्याची रेघ ओलांडून चौकात गेली. समोरून येणाऱ्या बसने वेळीच वेग कमी केला म्हणून मी वाचलो. त्या रात्री घरी येऊन मी टायरवर बोट दाबून पाहिले, तर तो दगडासारखा टणक झाला होता.

त्याचे कारण आपल्याकडच्या एका साध्या अनुभवातून समजते. डिसेंबर-जानेवारीत गोव्यात पहाटे गारवा वाढला की बाटलीतले खोबरेल गोठते आणि बाटली उन्हात ठेवावी लागते. टायरचे रबर गोठत नसले तरी थंडीत तेही असेच कडक होत जाते, आणि साधारण 7 अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी टायरची रस्त्यावरची पकड झपाट्याने कमी होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर कडाक्याच्या थंडीतही लवचिक राहील अशा मिश्रणाचे असते आणि त्याच्या नक्षीत शेकडो बारीक चिरा असतात, ज्या बर्फाला धरतात. म्हणून माझे ठाम मत असे आहे की गाडीसाठी जेवढी रक्कम बाजूला काढली असेल, त्यातून आधी चार हिवाळी टायरांचे पैसे वेगळे ठेवावेत आणि उरलेल्या पैशांत जी गाडी बसेल ती घ्यावी. चांगल्या हिवाळी टायरांवरची साधी कोरोला किंवा सिव्हिक, म्हणजे केवळ पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी, शहरातल्या बर्फ हटवलेल्या रस्त्यांवर पुरेशी भरवशाची असते.

टायर घेताना त्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी असे चिन्ह आहे का, ते पाहावे. नुसती 'एम' आणि 'एस' ही अक्षरे नक्षीबद्दल सांगतात, बर्फावरच्या चाचणीबद्दल नाही. टायर नेहमी चार एकसारखे घ्यावेत. पैसे वाचवण्यासाठी फक्त पुढे दोन बसवले तर पुढची बाजू रस्ता धरते आणि वळणावर मागची बाजू फेकली जाते, जे अधिक धोक्याचे आहे. हे टायर स्वतंत्र लोखंडी रिमवर चढवून घेतले तर दर शरद ऋतूत आणि वसंतात बदलण्याचे काम सोपे आणि स्वस्त होते. क्वेबेक प्रांतात नोंदलेल्या गाड्यांना 1 डिसेंबर ते 15 मार्च या काळात हिवाळी टायर कायद्यानेच बंधनकारक आहेत. ओटावा ज्यात येते त्या ऑन्टारियो प्रांतात तशी सक्ती नाही, परंतु तिथल्या विमा कंपन्यांना असे टायर बसवणाऱ्यांना हप्त्यात सवलत द्यावी लागते, तेव्हा ती आठवणीने मागून घ्यावी.

चारही चाकांची ताकद कोणी घ्यावी, हे घर कुठे आहे त्यावर ठरते. ज्याचे घर चढावर आहे, ज्याला पहाटे रस्ते साफ होण्याआधी कामावर निघावे लागते किंवा जो शहरापासून दूर राहतो, त्याने ती अवश्य घ्यावी. सुबारूच्या बहुतेक गाड्यांत ती मुळातच असते. याच लोकांनी गाडीच्या पोटाखालची उंचीही पाहावी. बर्फ लोटणारे यंत्र रस्ता साफ करून जाते तेव्हा घराच्या तोंडाशी शेताच्या मेरेसारखा बर्फाचा बांध सोडून जाते, आणि रात्रभरात तो कडक होतो. साधारण 20 सेंटिमीटर उंचीची गाडी त्यावरून निघते, तर बुटकी गाडी त्यावर पोट टेकून अडकते. ज्यांच्या हातात फावडे आहे आणि अर्धा तास आहे, त्यांना बुटकी गाडीही चालते.

आता मिठाविषयी सांगतो, कारण आपल्या मुलांची फसवणूक सर्वांत जास्त इथेच होते. मिरामार किंवा कोलव्याला समुद्राजवळ राहणाऱ्यांना खाऱ्या वाऱ्याने खिडक्यांचे गज कसे पोखरले जातात हे माहीत आहे. ओटावात समुद्र नाही, पण बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर हिवाळाभर मीठ टाकले जाते आणि ते खारे पाणी गाडीच्या बुडाला चिकटून राहते. वरून चकचकीत दिसणारी दहा वर्षांची गाडी खालून कुजलेली असू शकते. म्हणून जुनी गाडी पाहायला जाताना जाडसर कपडे घालावेत, जुने पोते किंवा पुठ्ठा बरोबर न्यावा आणि खाली झोपून मोबाइलच्या उजेडात तिचे पोट पाहावे. दारांच्या खालच्या पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने हलकेच ठोकावे: आवाज खणखणीत आला तर पत्रा शाबूत आहे, आणि भदभदीत आवाजाबरोबर तांबडे पापुद्रे पुठ्ठ्यावर गळू लागले तर किंमत कितीही कमी असली तरी तिथून उठावे. ब्रेकच्या तेलाच्या बारीक नळ्या विशेष लक्ष देऊन पाहाव्यात, कारण त्या गंजून फुटल्या तर गाडी थांबत नाही. बुडाला नुकताच काळा कुळकुळीत लेप दिलेला दिसला तर त्याखाली काय झाकले आहे, अशी शंका घ्यावी. मला एका विक्रेत्याने असाच लेप लावलेली गाडी दाखवली होती, आणि माझ्याबरोबर आलेल्या मेकॅनिकचे बोट त्या लेपातून आरपार गेले. गाडी घेतल्यावर दरवर्षी थंडीपूर्वी बुडाला गंजरोधक तेलाचा फवारा मारून घेणे हा खर्च मला कधीही जड वाटला नाही.

बॅटरीकडे आपले दुर्लक्ष होते, कारण गोव्यात तिला उष्णता मारते आणि थंडीशी तिची गाठच पडत नाही. गोठवणाऱ्या थंडीत बॅटरीची ताकद पुष्कळ घटते आणि त्याच वेळी इंजिनातले तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. थंडीत इंजिन फिरवण्याची बॅटरीची क्षमता तिच्यावर अँपिअरमध्ये छापलेली असते आणि ती उणे 18 अंशांना मोजलेली असते. गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या आकड्यापेक्षा ती कमी नसावी. विनिपेगसारख्या कडाक्याच्या थंडीच्या शहरात जाणाऱ्यांनी इंजिन गरम ठेवणारा विजेचा हीटर बसवलेली गाडी शोधावी. अशा गाडीच्या जाळीतून एक छोटी वायर आणि पिन बाहेर लोंबत असते, आणि ती पाहून आपल्याकडचा माणूस गाडी विजेवर चालते असे समजतो. खरोखर विजेवर चालणारी गाडी घ्यायची असल्यास कडक थंडीत तिचा पल्ला बराच कमी होतो हे लक्षात घेऊन हिशेब करावा आणि हीट पंप, म्हणजे कमी विजेत गाडी आतून गरम ठेवणारी यंत्रणा, असलेले मॉडेल निवडावे.

गरम होणारी आसने ही मला आधी चैन वाटली होती, पण उणे 20 अंशांना सकाळी गाडीत बसल्यावर ते मत बदलले. तरीही पैसे मोजकेच असतील तर आसनांऐवजी गरम होणारे आरसे आणि मागची काच यांना प्राधान्य द्यावे, कारण दिसलेच नाही तर पुढे काहीच करता येत नाही.

शेवटची पारख विक्रेत्याच्या दारातच होते. भेटीची वेळ सकाळची घ्यावी, गाडी आधी सुरू करून ठेवू नका असे त्याला आदल्या दिवशी सांगावे, आणि पोहोचताच हातमोजा काढून बॉनेटवर तळहात ठेवावा. बॉनेट कोमट लागले, तर ती गाडी थंडीत पहिल्या किल्लीला सुरू होत नसावी असे समजून दुसऱ्या सकाळी पुन्हा यावे.