राखीव रनिंग बॅक कुणाचा घ्यावा?
फँटसी फुटबॉलमध्ये आपण अमेरिकन फुटबॉलचे खरे खेळाडू निवडून संघ बनवतो आणि त्यांच्या सामन्यांतल्या कामगिरीवर गुण मिळवतो. त्या निवडीच्या, म्हणजे ड्राफ्टच्या, शेवटच्या राउंडांत दुसरा किकर (चेंडूला लाथ मारून गुण मिळवणारा) घेऊन बेंचवरची जागा अडवू नका. ती राखीव रनिंग बॅकला द्या. रनिंग बॅक, म्हणजे चेंडू घेऊन धावणारा खेळाडू, सतत मार खातो. तो जायबंदी झाला की त्याचं सगळं काम एका आठवड्यात त्याच्या मागच्या राखीवाकडे येतं.

२०१८ मध्ये पिट्सबर्ग स्टीलर्सचा लेव्हिऑन बेल करारावरून अडून बसला, अख्खा सीझन खेळलाच नाही. त्याच्या जागी आलेल्या जेम्स कॉनरने पहिल्याच सामन्यात १३५ यार्ड धावून २ टचडाउन (चेंडू समोरच्या संघाच्या गोल लाइनपार नेणं) केले. सीझनअखेर धावून ९७३ यार्ड, १२ टचडाउन!

मात्र जिथे काम दोघातिघांत वाटलं जाईल, तिथला कुणीच घेऊ नका. वारस एकच आणि ऑफेन्सिव्ह लाइन (समोरच्यांना अडवून वाट करून देणारी फळी) भक्कम, असा संघ शोधा. प्रीसीझनमध्ये, म्हणजे सीझनआधीच्या सराव सामन्यांत, मुख्य क्वार्टरबॅकबरोबर (चेंडू फेकणारा, चाली चालवणारा खेळाडू) कोण उतरतो, गोल लाइनजवळ चेंडू कुणाला मिळतो, ते नीट बघा. पास ब्लॉकिंगही, म्हणजे क्वार्टरबॅक चेंडू फेकताना त्याला वाचवणं, बघाच. ते कच्चं असलं की कोच थर्ड डाउनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला, तेव्हा बहुधा चेंडू फेकतात) त्या पोराला बाहेर काढतात.

आणि शक्यतो आपल्या नव्हे, दुसऱ्याच्या स्टारचा राखीव घ्या. आपला स्टार धडधाकट असताना तो राखीव वर आला, तर तुमच्याकडे दोन स्टार होतात.