केबिन फिल्टर घरी बदलताना या चुका टाळा

गाडीचा केबिन फिल्टर, ज्याला गॅरेजमध्ये सर्रास एसी फिल्टर म्हणतात, तो बदलण्यासाठी बहुतेक गाड्यांत स्क्रू-ड्रायव्हरसुद्धा लागत नाही. काम जेमतेम दहा मिनिटांचे आहे आणि बहुधा म्हणूनच त्यात इतके घोळ होतात. जे काम अवघड वाटते, ते माणूस कुणाला तरी विचारून करतो. हे मात्र तो दीडपट वेगाने व्हिडिओ पाहून, मुलाला शाळेत सोडण्याआधीच्या घाईत उरकायला जातो.

पहिला घोळ खरेदीतच होतो. बॉनेटखाली असतो तो इंजिनाचा एअर फिल्टर. आपण ज्याविषयी बोलतो आहोत तो केबिनमध्ये येणारी हवा गाळणारा फिल्टर, आणि हे दोन्ही वेगळे आहेत. शिवाय एकाच नावाच्या गाडीच्या जुन्या व नव्या पिढीत फिल्टरचे माप बदललेले असू शकते, त्यामुळे ऑर्डर करताना मॉडेलच्या नावाबरोबर उत्पादनाचे वर्षही पाहावे. चुकीच्या मापाचा फिल्टर कात्रीने कापून बसवणारे लोक मी पाहिले आहेत. हवा नेहमी मोकळी वाट शोधते आणि कडेला बोटभर फट राहिली की ती तिथूनच जाते. असा फिल्टर आत असून नसल्यासारखाच.

आता ग्लव्ह बॉक्स, म्हणजे पुढच्या डाव्या सीटसमोरचा झाकणाचा कप्पा. बऱ्याच छोट्या गाड्यांत फिल्टर याच्या मागे असतो. काहींत तो पायापाशी, तर काहींत बॉनेट उघडून काचेखालच्या जाळीतून काढावा लागतो, हे गाडीच्या मॅन्युअलमध्ये चित्रासह दिलेले असते. ग्लव्ह बॉक्स आधी पूर्ण रिकामा करावा. उघडल्यावर एका बाजूला त्याला सावकाश खाली आणणारी दोरी किंवा छोटा दांडा दिसला, तर तो सोडवावा. मग दोन्ही बाजूंच्या भिंती तळहातांनी आत दाबल्या की स्टॉपर निसटतात आणि कप्पा आपोआप खाली लोंबतो. इथे ओढाओढ करायची नसते. माझ्या मेहुण्यांनी तो दांडा न सोडवताच जोर लावला, कारण व्हिडिओतल्या गाडीला दांडा नव्हता. बिजागरीजवळ प्लास्टिक तडकले, ते सुटे मिळत नाही म्हणून अख्खा कप्पा विकत घ्यावा लागला, आणि त्या पैशांत कित्येक वर्षांचे फिल्टर आले असते. नवा कप्पाही त्यांनी स्वतःच घाईघाईने बसवल्यामुळे त्यांच्या गाडीत अजूनही प्रत्येक स्पीडब्रेकरला खडखड ऐकू येते. कप्प्याच्या मागे पिवळ्या रंगाचे कनेक्टर दिसले, तर ते एअरबॅगचे असतात. त्यांना हात लावू नये.

फिल्टरच्या कडेवर हवेच्या दिशेचा बाण छापलेला असतो. जुना जसा होता तसाच नवा बसवावा, असा सल्ला सगळेच देतात, पण जुना बसवणाऱ्याने तरी तो नीट बसवला होता, याची खात्री काय? माझी सवय वेगळी आहे. बाहेर काढलेल्या फिल्टरची काळवंडलेली बाजू कोणती, ते मी पाहतो. हवा ज्या बाजूने येते तीच बाजू मळते, मग बाण कुठेही असो. नव्या फिल्टरचा बाण त्या मळक्या बाजूकडून स्वच्छ बाजूकडे जाईल असा ठेवला की प्रश्न मिटतो. त्यासाठी जुना फिल्टर ओढून काढण्यापूर्वी मोबाइलवर एक फोटो घ्यावा, कारण हातात आल्यावर तो दोनदा फिरवला की वरची बाजू कोणती होती, हे कुणालाच आठवत नाही.

मला सर्वांत जास्त चीड येते ती फिल्टर धुण्याची. पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरने हवा मारून किंवा नळाखाली धरून तोच फिल्टर पुन्हा बसवणे, याला लोक काटकसर म्हणतात. साध्या फिल्टरच्या धाग्यांत बारीक धूळ धरून ठेवण्यासाठी बहुधा स्थिर विद्युतभार दिलेला असतो. पाण्याने तो कमी होतो, जोराच्या हवेने धागे विस्कटतात, आणि वरवर पांढरा दिसणारा फिल्टर बारीक धूळ पूर्वीसारखी अडवत नाही. कार्बनचा फिल्टर धुतल्याने त्याची वास शोषण्याची ताकद परत येत नाही. त्यात तो अर्धवट ओला असताना बसवला, तर बुरशीची सोय आपणच करून दिली. ज्यावर धुण्याजोगा असल्याचे स्पष्ट लिहिले आहे तो अपवाद. बाकीचे हलकेच आपटून धूळ झटकावी, आणि तेही गाडीबाहेर, मास्क लावून, फक्त नवा येईपर्यंतची तात्पुरती सोय म्हणून.

दुसरी माझी नावडती चूक म्हणजे प्रत्येक वासाचा दोष फिल्टरवर टाकणे. आमच्या सोसायटीतल्या एका गृहस्थांच्या गाडीत ऐन पावसाळ्यात एसी सुरू करताच कुबट वास येई. त्यांनी फिल्टर बदलला, मग महागडा कार्बनचा आणला, मग त्या नव्या फिल्टरवरच परफ्यूम फवारला आणि कुबट अत्तर असा एक नवा प्रकार जन्माला घातला. मी पाहिले तेव्हा डाव्या बाजूचे पायाखालचे मॅट ओले होते आणि एसी चालू असूनही गाडीखाली पाण्याचा थेंब पडत नव्हता. दमट हवेत कूलिंग कॉइलवर, म्हणजे हवा थंड करणाऱ्या एसीच्या भागावर, जमणारे पाणी ड्रेन पाइपमधून खाली ठिबकायलाच हवे. गाडी बदामाच्या झाडाखाली उभी असे. पाने काचेखालच्या जाळीत कुजत होती, त्यांचा गाळ आत शिरून पाइप तुंबला होता आणि कॉइल कायम ओली राहत होती. गाळ काढला, पाइप मोकळा केला, तेव्हा डबाभर गढूळ पाणी बाहेर आले. फिल्टर आधीचाही वाईट नव्हता. वास येऊ नये म्हणून मी मुक्कामाला पोहोचण्याच्या थोडे आधी एसीचे बटण बंद करून नुसता ब्लोअर चालू ठेवतो, म्हणजे कॉइल वाळते.

फिल्टर काढल्यावर रिकाम्या खाचेत टॉर्च मारून पाहण्याचा कंटाळा करू नये. पाने, माती, कधी उंदराने आणलेली शेंगांची टरफले आणि जुन्या फिल्टरचा कुरतडलेला कापूस तिथे सापडतो. उंदराच्या लेंड्या दिसल्या, तर कोरड्या ब्रशने उडवू नयेत. मास्क व हातमोजे घालून जंतुनाशकात भिजवलेल्या कापडाने टिपून घ्याव्यात. फिल्टर बाहेर असताना ब्लोअर सुरू करू नये, कारण एखादे पान पंख्यात गेले की टकटक आवाज सुरू होतो आणि मग ब्लोअर खोलणे आले. खाचेचे झाकण दोन्ही बाजूंनी ‘कट्’ असा आवाज येईपर्यंत दाबावे, नाहीतर वरच्या स्पीडवर शीळ ऐकू येते.

हवा कमी येते म्हणून थेट गॅस भरायला जाणाऱ्यांनी आधी फिल्टर पाहावा. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो कमी झाला असेल, तर कुठेतरी गळती आहे. हवा पूर्ण जोराने येते पण थंड नाही, अशी तक्रार असेल तर गॅसकडे वळावे. हवाच धड येत नसेल, तर संशय आधी फिल्टरवर घ्यावा.

फिल्टर सर्वसाधारणपणे १०,००० ते १५,००० किलोमीटरला किंवा वर्षाने बदलतात, पण पुण्यासारख्या ठिकाणी, जिथे प्रत्येक गल्लीत एखादे बांधकाम सुरू असते, तो त्याआधीच भरतो. म्हणून मी पावसाळा संपल्यावर आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तो उघडून पाहतो, आणि नवा बसवताना त्याच्या कडेवर मार्करने तारीख व किलोमीटर लिहितो. सर्व्हिसिंगच्या बिलात फिल्टर बदलल्याचे पैसे लावलेले असतील, तर तो खरोखर बदलला की नाही, हेही त्या अक्षरांवरून लगेच समजते.