लाडक्या जादूनगरीवरून मन उठू लागलं तर काय करावं

हॅरी पॉटरवर कधीकाळी जीव टाकलेल्या आणि आता, ट्रान्स स्त्रियांबद्दलच्या (जन्माच्या वेळी पुरुष मानल्या गेलेल्या, पण स्वतःची ओळख स्त्री अशी असलेल्यांबद्दलच्या) मतांमुळे, लेखिका जे. के. रोलिंगचं नाव निघालं की गप्प होणाऱ्या माणसांसाठी हे लिहिते आहे. डोंबिवलीत आमच्या सोसायटीतल्या मुलांसाठी मी शनिवारी वाचनवर्ग घेते. कपाटातले ते सात भाग ठेवायचे का, मुलांनी मागितले तर काय सांगायचं, आणि आपल्या स्वतःच्या आत जे तुटलंय त्याचं काय करायचं, हे प्रश्न मला तिथे टाळता येत नाहीत.

आधी मन नक्की कशावरून उठलं ते शोधा. ‘आता पहिल्यासारखं वाटत नाही’ एवढ्यावर सोडू नका. कागदावर दोन रकाने करा. एकात गोष्टीबद्दलच्या तक्रारी, दुसऱ्यात लेखिकेबद्दलच्या. हे दोन राग एकमेकांत मिसळले की कुठलाच निर्णय होत नाही.

माझा पहिला रकाना बराच जुना आहे. चौथ्या भागात पार्वती आणि पद्मा पाटील या जुळ्या बहिणी नाचाच्या समारंभात हॅरी आणि रॉनच्या जोडीदार होतात, तो भाग वाचला तेव्हा मी शाळेत होते. हॉगवर्ट्समध्ये चक्क पाटील! एकीचा झगझगीत गुलाबी झगा, दुसरीचा निळसर हिरवा, हे मला अजून पाठ आहे. पण त्या नाचाच्या रात्री हॅरी आणि रॉन दोघींना नुसतं बसवून ठेवतात आणि कथेला त्याचं फारसं काही वाटत नाही. पुस्तकात पद्मा शाळेच्या रेव्हनक्लॉ या घराची (गटाची) आहे, पार्वती ग्रिफिंडोरची. सिनेमात दोघींना एकाच घरात टाकलं. नंतर २०१८च्या सिनेमात कळलं की खलनायक व्होल्डेमॉर्टची सापीण नागिनी ही मुळात शाप लागलेली आशियाई बाई होती. म्हणजे सातव्या भागात नेव्हिल तलवारीने जिचं मुंडकं उडवतो आणि आपण सगळे आनंदाने ओरडतो, ती. हा खुलासा मला आजही सहन होत नाही.

जादूगारांच्या घरी राबणाऱ्या एल्फ नावाच्या बुटक्या जीवांचंही तसंच. हर्मायनी त्यांच्या गुलामीविरुद्ध संघटना काढते आणि सगळे तिची थट्टा करतात. शेवटची लढाई जिंकल्यावर हॅरीच्या मनात येतं की आपला एल्फ क्रीचर आपल्याला सँडविच आणून देईल का. लहानपणी हे वाक्य माझ्या डोळ्याखालून नुसतं निसटलं होतं. तुमच्या रकान्यात असं काही असेल तर ते पान क्रमांकासकट लिहा. आठवणीतला राग फुगत जातो. पुस्तक उघडलं की तो आपल्या खऱ्या मापावर येतो, कधी कमी होतो, कधी वाढतोही.

दुसऱ्या रकान्यासाठी मूळ मजकूर वाचा. कुणी काढलेला स्क्रीनशॉट पुरेसा नाही. जून २०२०मध्ये ‘मासिक पाळी येणाऱ्या व्यक्ती’ या, ट्रान्स लोकांनाही सामावून घेणाऱ्या शब्दप्रयोगाची खिल्ली उडवणारं रोलिंगचं ट्वीट आलं आणि चार दिवसांनी तिने स्वतःच्या संकेतस्थळावर मोठा लेख लिहिला. त्यात तिने आपल्या पहिल्या लग्नातला छळ आणि आपल्यावर झालेला लैंगिक हल्ला याबद्दल सांगितलं, आणि फक्त बायकांसाठीच्या जागा जपल्या पाहिजेत ही भूमिका मांडली. तो लेख पूर्ण वाचा. तिचं दुःख खरं आहे, हे मान्य करायला मला काहीच जड जात नाही. त्या दुःखातून ट्रान्स स्त्रियांकडे संशयाने बघण्याचा जो निष्कर्ष निघतो, तो मात्र मला चुकीचा आणि क्रूर वाटतो.

मग दुसरी बाजू ऐका, आणि ती परक्या देशातल्या वादापुरती ठेवू नका. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या खटल्यात बाजू मांडणाऱ्या ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं आत्मकथन मराठीत आहे. आधी ते वाचा आणि मग रोलिंगच्या लेखाकडे परत या. ज्यांच्याबद्दल बोललं जातंय त्यांच्या तोंडून एकदा ऐकलं की ‘दोन्हीकडे थोडं थोडं बरोबर असेल’ असं म्हणून सुटता येत नाही.

आता पैशाचं. इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन, कारण भावनेचा गुंता सुटायला वर्षं लागतात, पाकिटाचा निर्णय आज घेता येतो. घरात असलेलं पुस्तक पुन्हा वाचलं तर कुणाला काही मिळत नाही. वाचनालयातून आणलं, अप्पा बळवंत चौकात किंवा फोर्टच्या फुटपाथवर जुनं घेतलं, तरी लेखिकेकडे काही जात नाही. नवी प्रत, खेळ, अधिकृत स्कार्फ आणि जादूच्या छड्या, थीम पार्कची तिकिटं यांचं तसं नाही. तिथे हक्कांचा वाटा असतो. एचबीओच्या नव्या मालिकेत तर रोलिंग स्वतः कार्यकारी निर्माती आहे. २०२३मध्ये ‘हॉगवर्ट्स लेगसी’ या व्हिडिओ गेमवर बहिष्काराची हाक दिली गेली, तरी त्या वर्षात त्याच्या २ कोटी २० लाखांहून जास्त प्रती खपल्या. तेव्हा तुमच्या एका नकाराने तिचं साम्राज्य हलणार नाही, हे धरूनच चाला. नकार द्यायचा तो आपला पैसा कुठे जातो हे आपल्याला ठाऊक आहे म्हणून. २०२४मध्ये तिने ‘फॉर विमेन स्कॉटलंड’ या गटाला न्यायालयीन लढाईसाठी ७० हजार पौंड दिले, आणि त्याच खटल्यात एप्रिल २०२५मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने समानता कायद्यातली ‘स्त्री’ म्हणजे जैविक स्त्री असा निकाल दिला. पुस्तकांतून आलेली श्रीमंती कायदा बदलायला वापरली जाते, हे इतकं स्पष्ट दिसत असताना मी नवीन काही विकत घेत नाही. भाचीने वाढदिवसाला छडी मागितली तेव्हा आम्ही दोघींनी बांबूची काडी तासून, गरम गोंदाचे वळसे देऊन आणि तपकिरी रंग लावून ती घरीच केली.

मित्रमंडळ तोडण्याची घाई करू नका. या गोष्टीभोवती जमलेली माणसं ही तुमची खरी कमाई आहे, आणि ती नाव बदलूनही एकत्र राहू शकतात. ‘मगलनेट’ आणि ‘लीकी कॉल्ड्रन’ या जुन्या चाहत्यांच्या संकेतस्थळांनी २०२०च्या जुलैत एकत्र निवेदन काढून लेखिकेपासून अंतर घेतलं आणि पुस्तकांबद्दल लिहिणं चालू ठेवलं. व्हर्माँटच्या मिडलबरी कॉलेजात २००५मध्ये मुलांनी जमिनीवर खेळायला सुरू केलेलं क्विडिच (पुस्तकातला झाडूवर बसून खेळायचा खेळ) २०२२पासून ‘क्वाडबॉल’ झालं. ट्रेडमार्कची अडचण होती आणि रोलिंगची मतंही, ही दोन्ही कारणं त्यांनी उघडपणे सांगितली. तुमच्या गटात कुणी ट्रान्स असेल तर आधी त्यांना विचारा की पॉटरची संध्याकाळ त्यांना चालेल का. नाही म्हणाले तर दुसरं काही वाचा, त्यांच्याकडून खुलासा मागू नका.

जुन्या प्रेमाची लाज वाटून घेऊ नका. सिनेमांत हॅरी झालेल्या डॅनियल रॅडक्लिफने ८ जून २०२०च्या निवेदनात ट्रान्स स्त्रिया स्त्रियाच आहेत असं स्पष्ट म्हटलं, आणि त्याचबरोबर वाचकांना सांगितलं की या पुस्तकांत तुम्हाला जे सापडलं ते तुमचं आणि पुस्तकाचं आहे, ते पवित्र आहे. मला ते पूर्ण पटतं. दहावीच्या वर्षी बाबा गेले तेव्हा तिसऱ्या भागातल्या, माणसातला आनंद शोषून घेणाऱ्या डिमेंटरांमुळे मला माझ्या आतल्या गारठ्याला आकार देता आला. ते लेखिकेने दिलं हे खरं, पण आता ते माझं आहे आणि ती परत मागू शकत नाही.

मात्र लगेच पुन्हा वाचायला बसू नका. राग ताजा असताना प्रत्येक पानावर आरोपपत्रच दिसतं. मध्ये काही महिने जाऊ द्या, मग एकच भाग घ्या, तुमचा सगळ्यात आवडता. रंगलात तर उत्तम. कंटाळा आला तर अर्ध्यात बंद करा आणि त्याचं कारण शोधत बसू नका. वय वाढलं की काही पुस्तकं संपतात.

मुलांचं राहिलं. मी कपाटातून ते भाग काढलेले नाहीत, दर्शनी फळीवरही ठेवत नाही. कुणी मागितला तर देते. दहा-अकरा वर्षांचं मूल ‘ही बाई वाईट आहे का?’ असं विचारतं तेव्हा शिक्का मारून देऊ नका. तिने काय लिहिलं, त्याने कुणाला दुखावलं, आणि तुम्हाला त्याबद्दल काय वाटतं, हे तीन वाक्यांत सांगा. वर्गातल्या एका मुलीने एवढं ऐकून विचारलं, ‘मग मी एल्फांना सोडवणारी गोष्ट लिहू का?’ तिला वही द्या, आणि लिहून झालं की वर्गात मोठ्याने वाचायला सांगा.