कोकणात एअर फिल्टर बदलताय? निदान या चुका टाळा

शिमग्याला हौसेनं बदललेला फिल्टर श्रावणात गॅरेजची वाट धरायला लावतो. बोनेट उघडलं की दृश्य ठरलेलं: कंपनीचा फिल्टरचा काळा डबा गायब, त्या जागी लाल जाळीचा उघडा शंकूसारखा फिल्टर आणि चकचकीत पाइप. पिकअप वाढल्याचं मालक शपथेवर सांगतो. वाढलेला असतो तो आवाज.

१.२ लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला, पूर्ण ॲक्सिलरेटरवर, मिनिटाला दीड हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं. ती हवा कंपनीचा डबा ग्रिलच्या वरून, बाहेरून घेतो. उघडा शंकू घेतो बोनेटखालची. बाहेर ३० अंश आणि आत ६० असेल तर हवा नऊ टक्क्यांनी विरळ होते. करूळ घाटात दुसऱ्या गिअरला, मागे ट्रक लागलेला असताना, हे नऊ टक्के कळतात. पाइपला चिकटलेला पोकळ डबाही ‘अडथळा’ म्हणून कापू नका. तो आवाज मारायला असतो, हवा अडवायला नव्हे.

फिल्टर बंपरमागे खाली उतरवणं

गरम हवेचा मुद्दा पटला की काही जण त्याहून मोठी चूक करतात. पाइप लांबवून फिल्टर फॉगलॅम्पच्या मागे नेतात. कोरड्या मुलखात ठीक आहे. इथे जून ते सप्टेंबर व्हाळ, पऱ्ये (ओढे) आणि कॉजवे पोटभर वाहतात.

लावणीच्या दिवसांत गॅरेजला आलेल्या एका २२०० सीसी डिझेल गाडीचं पुढे काय झालं, ते ऐका. कॉजवेवर पाणी चाकाच्या मध्यापर्यंतही नव्हतं. पण गाडी पाण्यात शिरली की नाकापुढे लाट उठते, वेग असेल तर वीतभर सहज. फिल्टर त्या लाटेतच होता. गाडी बंद पडली. मालकानं तीन वेळा सेल्फ मारला, प्रत्येक वेळी नुसता ‘टक्’. अशा इंजिनात पिस्टन पूर्ण वर आल्यावर एका सिलिंडरमध्ये ३५ मिलीच्या आसपास जागा उरते, कटिंग चहाच्या अर्ध्या ग्लासाहून कमी. पाणी दाबलं जात नाही, मग वाकतो तो पिस्टनला क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. पाणी काढल्यावर गाडी चालू झाली, किंचित ठोका होता, ‘बसेल हळूहळू’ म्हणून मालक घेऊन गेला. ठोका बसला नाही. दोन महिन्यांनी कुंभार्ली घाटात वाकलेला रॉड तुटला आणि ब्लॉकला भोक पाडून बाहेर आला. पाणी काढलं त्या दिवशीच कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, तपासलं असतं तर एका रॉडवर भागलं असतं. तपासणीला अर्धा दिवस लागतो, एवढीच त्याची अडचण.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं आणि शेकड्यांनी गाड्या उभ्याच्या उभ्या बुडाल्या. उभ्या गाडीचं इंजिन बुडूनही वाचू शकतं, कारण ते फिरत नसतं. त्याचा घात करतो तो पाणी ओसरल्यावर उतावीळपणे मारलेला सेल्फ.

तेव्हा पाण्यात गाडी बंद पडली तर चावीला हात लावू नका. गिअरमध्ये टाकून धक्काही नको, न्यूट्रलमध्ये ओढून काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा, डबा उघडा. फिल्टर ओला असेल तर पेट्रोलला सगळे प्लग काढा, डिझेलला इंजेक्टर किंवा ग्लो प्लग. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर तिथेच थांबा. मोकळं फिरलं तरच बॅटरीची वायर जोडून सेल्फ मारा आणि पाणी उडवा. डिपस्टिकवर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसलं तर ऑइल आणि ऑइल फिल्टर दोन्ही बदला, थोडं चालवून पुन्हा बदला. मग प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन घ्या. एक कमी आलं की रॉड वाकलाय असंच धरून चाला. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. त्यात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ नोंदणीतल्या तपशिलांशी जुळणार नाही असा बदल परस्पर करू देत नाही. असा बदल क्लेम नाकारायचं निमित्त ठरू शकतो.

डब्याच्या तळाशी छिद्र किंवा रबरी चोच असते. आत उडालेलं पावसाचं पाणी तिथून गळतं. ‘धूळ शिरेल’ म्हणून तिला एम-सील लावणाऱ्यांना हात जोडावेत.

हवा मारणं, धुणं आणि तांबडी धूळ

चिरेखाणीच्या डंपरमागे पाच किलोमीटर गेलात की फिल्टर तांबडा होतो. तांबडा झाला म्हणजे बाद झाला असं नाही. कागदी फिल्टरवर धुळीचा पातळ थर बसला की तो उलट जास्त बारीक गाळतो. दर सर्व्हिसला कॉम्प्रेसरची पूर्ण हवा मारणं ही गॅरेजवाल्यांची खोड आहे. त्यानं कागदाला सुईएवढी भोकं पडतात आणि वरून फिल्टर मात्र स्वच्छ दिसतो. साफ करायचाच तर स्वच्छ बाजूनं बाहेरच्या दिशेला, कमी दाबानं, नोझल वीतभर लांब ठेवून. नंतर आत टॉर्च धरून अंधारात पाहा. उजेडाचा ठिपका दिसला की नवा घ्या. बऱ्याच स्कूटरांत तेल लावलेला कागदी फिल्टर येतो, त्याला हवा अजिबात मारायची नाही, थेट बदलायचा. कागद धुण्याबद्दल बोलायलाच नको.

कोणत्या कंपनीचा फिल्टर घ्यावा यावर तासभर वाद घालणारा माणूस डब्याची तुटलेली क्लिप तशीच ठेवतो. खाऱ्या हवेत क्लिपा आणि क्लॅम्प गंजतात, झाकण एका कोपऱ्यात उचललेलं राहतं आणि हवा फिल्टरला वळसा घालून जाते. तपास सोपा आहे: फिल्टरच्या पलीकडच्या पाइपात पांढरं फडकं फिरवा. तांबडं निघालं की गळती आहे. जांभ्याची धूळ चहाडी करते, हा तिचा एकमेव गुण. दुर्लक्ष केलंत तर ती बोअर (सिलिंडरची आतली भिंत) घासते, पिस्टनच्या रिंगा झिजतात, इंजिन ऑइल खायला लागतं. रबरी कडेला बोटानं ग्रीसचा पातळ हात मारायचा. पाचशे किलोमीटरनंतर धूळ कुठून शिरतेय ते ग्रीसवर उमटलेलं दिसतं.

कॉटनचा फिल्टर धुता येतो, म्हणून स्वस्त पडतो म्हणतात. पण आषाढात तो वाळणार कुठे? घरातला टॉवेल चार दिवस ओला असतो. चुलीवर टांगला किंवा हेअर ड्रायर मारला की कापूस आकसतो. अर्धवट ओल्यावर धूळ धरणारं तेल टाकलं तर ते नीट पसरत नाही, म्हणून माणूस आणखी टाकतो, आणि जादा तेल एअरफ्लो सेन्सरच्या, म्हणजे आत जाणारी हवा मोजणाऱ्या यंत्राच्या, तारेवर जाऊन बसतं. गाडी झटके देते, चेक इंजिनचा दिवा लागतो, दोष मात्र पेट्रोलला. पावसाळ्यात कागदीच लावा, कॉटनची हौस दिवाळीनंतर.

बाकीचं थोडक्यात

कार्ब्युरेटरच्या बाइकला मोकळा फिल्टर लावलात तर मेन जेट (पेट्रोल सोडणारं मुख्य छिद्र) मोठा करावाच लागतो. प्लग पांढरा पडणं आणि ॲक्सिलरेटर सोडल्यावर फटफट आवाज ही पेट्रोल कमी पडल्याची खूण.

स्नॉर्कल (हवा उंचावरून घेणारा पाइप) बसवलात तर इंजिन आयडलवर ठेवून त्याचं तोंड जाड रबरी तुकड्यानं झाका. काही सेकंदांत इंजिन बंद पडलं पाहिजे. चालूच राहिलं तर कुठला तरी जोड उघडा आहे आणि स्नॉर्कल नुसता शोभेचा.

पॉवर टिलरच्या ऑइल बाथ (धूळ ऑइलमध्ये अडवणाऱ्या) फिल्टरमध्ये ऑइल खुणेपर्यंतच. चिखलणीला जास्त लागतं असं समजून काठोकाठ भरलं तर इंजिन तेच ऑइल ओढून जाळतं, डिझेल बंद केलं तरी फिरत राहतं.

चाकरमान्यांची गाडी गावी महिनोन् महिने उभी असेल तर चावी फिरवण्याआधी डबा उघडून बघा. काथ्या, भाताचा तूस आणि पातेरा घालून उंदरानं घर केलेलं असतं, आणि घरासाठी लागणारा कागद तो फिल्टरचाच वापरतो.