जुनी अमेरिकन मसल कार: चालवण्याच्या आनंदासाठी निवड आणि सुधारणा

१९६४ साली पॉन्टियॅकने आपल्या मध्यम आकाराच्या टेम्पेस्ट ल मान्स गाडीत ३८९ घन इंचांचे मोठे व्ही-८ इंजिन बसवून जीटीओ हा पर्याय बाजारात आणला आणि पुढची जवळपास दहा वर्षे डेट्रॉइटच्या सगळ्याच कंपन्या त्या वाटेने गेल्या. बेताच्या आकाराची गाडी, तिच्यात थोराड इंजिन आणि तरुण नोकरदाराला परवडेल अशी किंमत, असा तो हिशेब होता. ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि स्प्रिंगा मात्र बहुतेक वेळा साध्या घरगुती गाडीच्याच राहिल्या. त्यामुळे त्या काळच्या मसल कारचे इंजिन आजही समाधान देते आणि उणीव जाणवते ती थांबताना व वळताना. ही गाडी चालवण्यासाठी घेणाऱ्याने खरेदीच्या वेळी निरोगी पत्र्यासाठी आणि त्यानंतर ब्रेक, टायर व सस्पेन्शनसाठी पैसे मोजावेत आणि अश्वशक्तीचा विचार सर्वांत शेवटी करावा, असे माझे ठाम मत आहे.

कोणती गाडी निवडावी

संग्राहकांच्या बाजारात सर्वाधिक भाव मिळतो तो कारखान्यातून आलेले मूळ इंजिन अजून जागेवर असलेल्या दुर्मीळ गाड्यांना. ४५० अश्वशक्तीचे एलएस-६ इंजिन असलेली १९७० ची शेव्हेल एसएस ४५४ किंवा हेमी इंजिनाची प्लिमथ घेतली, तर त्या किमतीचा मोठा भाग इंजिनावर कोरलेल्या क्रमांकासाठी दिला जातो, आणि तो क्रमांक चालवताना कुठेही जाणवत नाही. अशा गाडीत काहीही बदलले की तिचे मोल घटते. म्हणजे जी सुधारायची आहे तिलाच हात लावायला मन धजत नाही. आपल्या कामाची गाडी वेगळी: साध्या व्ही-८ ची मस्टँग, कमॅरो किंवा नोव्हा, शेव्हेलची मालिबू ही आवृत्ती, डॉज डार्ट. इंजिन पूर्वीच बदललेले असेल तर किंमत उतरते आणि ते आपल्या पथ्यावरच पडते. मस्टँग आणि पहिल्या पिढीची कमॅरो यांचा जवळजवळ प्रत्येक पत्रा आणि प्रत्येक रबर आज नव्याने तयार मिळते, ही सोय लहान समजू नये.

जाहिरातीतील अश्वशक्तीच्या आकड्यांवरून दोन गाड्यांची तुलना करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९७१ पर्यंतचे आकडे सहसा ग्रॉस पद्धतीचे, म्हणजे एअर क्लीनर, सायलेन्सर यांसारखी ओझी काढून, इंजिन स्टँडवर ठेवून मोजलेले असत. १९७२ पासून प्रत्यक्ष गाडीतल्या जोडणीसह मोजलेले नेट आकडे छापले जाऊ लागले. १९७१ मध्ये कमी शिशाच्या पेट्रोलसाठी अनेक इंजिनांचे कॉम्प्रेशन खरोखरच उतरवले गेले होते. तरीही कागदावर दिसणारी घसरण प्रत्यक्षातल्या घसरणीपेक्षा बरीच मोठी आहे. १९७२ ची चांगली गाडी केवळ आकड्यामुळे नाकारू नये.

साठच्या दशकातल्या घडणीचाच हट्ट नसेल, तर १९८६ ते १९९३ मधली फॉक्स या नावाच्या फोर्ड चासीची पाच लिटरची मस्टँग किंवा १९९८ ते २००२ मधली एलएस-१ इंजिनाची कमॅरो आणि फायरबर्ड यांचाही मनापासून विचार करावा. फ्युएल इंजेक्शन आणि ओव्हरड्राइव्ह, म्हणजे वेगात इंजिनाचे फेरे कमी ठेवणारा वरचा गिअर, या गाड्यांत मुळातच आहेत, त्यामुळे पुढे वर्णन केलेली निम्मी कामे करावीच लागत नाहीत.

विक्रेता गाडीला एसएस किंवा झेड/२८ (शेव्हरोलेच्या वरच्या, जोरकस आवृत्त्या) म्हणत असेल आणि त्याचे जादा पैसे मागत असेल, तर पुरावा मागावा. १९६७ ते १९६९ च्या कमॅरोचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, गाडी सहा सिलिंडरची की व्ही-८ ची एवढेच सांगतो. झेड/२८ असल्याचे त्यातून कळत नाही. फोर्डच्या त्या काळच्या क्रमांकातले पाचवे अक्षर इंजिनाचे असते, आणि १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांसाठी मार्टी रिपोर्ट हा कारखान्याच्या नोंदींवर आधारलेला दाखला विकत मिळतो. पॉन्टियॅकच्या नोंदी पीएचएस (पॉन्टियॅक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडून मिळतात. साध्या गाडीला वरच्या आवृत्तीचे रूप दिलेले असेल आणि विक्रेता ते मोकळेपणाने सांगून साध्या गाडीचीच किंमत मागत असेल, तर चालवणाऱ्यासाठी तो उत्तम सौदा आहे. मालकीपत्र, म्हणजे टायटल, विक्रेत्याच्या नावावर आहे आणि त्यावरचा क्रमांक गाडीवरच्या पट्टीशी अक्षरश: जुळतो, हे तपासल्याशिवाय मात्र इसाराचे पैसेही देऊ नयेत.

गंज शोधणे

इंजिन, गिअरबॉक्स, ब्रेक यांच्या दुरुस्तीचा खर्च आधी विचारता येतो आणि तो बहुधा सांगितलेल्या आकड्याच्या आसपास राहतो. गंजाचे तसे नसते. कारागीर एक तुकडा कापतो, तेव्हा त्यामागचा दुसरा पत्रा उघडा पडतो आणि तोही गेलेला असतो. चांगले रंगकाम आणि सुरेख आसने असलेली, पण खालून कुजलेली गाडी ही या छंदातली सर्वांत महाग खरेदी असते. मिशिगन, ओहायो, न्यूयॉर्क अशा राज्यांत हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकले जाते. तिथे आयुष्य काढलेल्या गाडीपेक्षा ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोच्या कोरड्या हवेतली, उन्हाने आसने फाटलेली आणि रंग उडालेली गाडी कितीतरी श्रेयस्कर असते. त्यासाठी ट्रकने गाडी आणण्याचा खर्च आनंदाने करावा.

तपासणीला जाताना विजेरी, मऊ कापडात गुंडाळलेले छोटे चुंबक, बोथट स्क्रूड्रायव्हर आणि जमिनीवर अंथरायला पुठ्ठा बरोबर न्यावा. चाकांच्या कमानींवर आणि दारांच्या खालच्या कडांवर चुंबक हलकेच फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे रंगाखाली पुट्टीचा जाड थर आहे. मग गाडी जॅक स्टँडवर किंवा लिफ्टवर घ्यायला सांगावी आणि खाली जाऊन पाहावे. विक्रेता याला तयार नसेल, तर बोलणे तिथेच थांबवावे.

प्रत्येक गाडीची कुजण्याची जागा तिच्या बांधणीवर ठरते. पहिल्या पिढीच्या मस्टँगमध्ये समोरच्या काचेखालची हवा आत घेणारी पोकळी, म्हणजे काउल, आधी जाते. त्या जाळीवर तांब्याभर पाणी ओतून आतल्या पायाच्या जागेवर थेंब पडतात का हे पाहावे, कारण ती दुरुस्ती करताना बराच भाग उलगडावा लागतो. त्याच गाडीचे टॉर्क बॉक्स (फ्रेम आणि दाराखालची पट्टी जोडणारे डबे), जमिनीचा पत्रा आणि इंजिनाशेजारचे शॉक टॉवर (पुढचे शॉक ज्यांना टेकतात ते उंच खांब) बारकाईने बघावेत. कमॅरोमध्ये पुढची सबफ्रेम मागच्या धडाला बोल्टने जोडलेली असते, त्या जोडांभोवतीचा पत्रा स्क्रूड्रायव्हरने दाबून पाहावा. शेव्हेलला स्वतंत्र चासी आहे; ती मागच्या धुऱ्यावरून जिथे वर उचललेली असते तिथे चिखल साठून आतून पोखरली जाते. डॉज आणि प्लिमथच्या गाड्यांत पुढची टॉर्शन बार, म्हणजे स्प्रिंगचे काम करणारी पिळणारी सळई, जमिनीखालच्या ज्या आडव्या पट्टीत अडकवलेली असते ती पट्टी कुजली असेल, तर गाडी चालवणे धोक्याचे आहे. अशी गाडी घेऊ नये. छतावर व्हिनाइलचे आवरण असेल तर त्याखाली पाणी मुरते, म्हणून मागच्या काचेच्या कोपऱ्यांत फुगवटे शोधावेत. दारांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात. अर्धवट उघडलेले दार हाताने उचलून पाहावे. बिजागऱ्या झिजल्या असतील तर काम किरकोळ आहे, पण फटच वर-खाली वेगळी असेल तर पूर्वीच्या अपघाताचा किंवा ढिल्या झालेल्या धडाचा संशय घ्यावा.

इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करून घ्यावे. विक्रेत्याने ते आधीच तापवून ठेवले असेल तर त्याचे कारण विचारावे. सुरू होताना निघालेला निळा धूर व्हॉल्व्हच्या जुन्या सीलमुळे असू शकतो. गाडी वेग घेताना तो सतत येत असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत. चालवताना ब्रेक एका बाजूला ओढतात का, स्टिअरिंग किती फिरवल्यावर चाके ऐकतात आणि वाहतुकीत उभे असताना तापमानाचा काटा कुठे जातो, एवढे पाहिले तरी पुरेसे आहे. यातले सगळे दुरुस्त होऊ शकते.

सुधारणेचा क्रम

गाडी घरी आल्यावर लगेच नवे सुटे भाग मागवू नयेत. आधी सर्व तेले आणि पाणी बदलावे. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या आजच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला टिकत नाहीत आणि फुटल्या तर आग लागते, म्हणून त्या पहिल्या आठवड्यातच बदलाव्यात. टायरच्या कडेवरच्या डॉट क्रमांकाचे शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. नक्षी कितीही ताजी दिसली तरी वीस वर्षांच्या टायरवर वेगाने जाऊ नये. जुन्या फ्लॅट टॅपेट (सपाट तळाच्या टॅपेटच्या) कॅमशाफ्टला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला, जास्त जस्ताचे तेल लागते, आणि आजच्या साध्या गाड्यांच्या तेलात ते कमी केलेले आहे. पुढच्या आसनांना फक्त कमरेचे पट्टे असतील तर तीन ठिकाणी अडकणारे पट्टे बसवावेत.

यानंतर ब्रेक. १९६६ पर्यंतच्या बहुतेक अमेरिकन गाड्यांत चारही चाकांसाठी ब्रेकचे एकच मंडल असे. एक नळी फुटली की पायाखाली काहीच उरत नाही. दोन स्वतंत्र मंडलांचा मास्टर सिलिंडर बसवणे ही माझ्या मते सर्वांत निकडीची सुधारणा आहे. पुढे डिस्क ब्रेक घालावेत, कारण ड्रम ब्रेक पहिल्यांदा नीट धरतात, पण डोंगर उतरताना तापून हळूहळू निकामी होतात. मागचे ड्रम राहिले तरी चालतात. मात्र पुढे-मागे दाब वाटून देणारा व्हॉल्व्ह या जोडणीला साजेसाच हवा, नाहीतर मागची चाके आधी अडकून गाडी फिरते.

वळण्यातला सर्वांत मोठा फरक सर्वांत कमी खर्चात पडतो तो चांगल्या रेडियल टायरांनी आणि चाकांच्या अलाइनमेंटने. कारखान्याने दिलेले जुने आकडे बायस-प्लाय, म्हणजे तिरप्या धाग्यांच्या जुन्या टायरांसाठी होते आणि पॉवर स्टिअरिंग नसतानाही चाके सहज फिरावीत म्हणून कॅस्टर (चाक वळण्याच्या अक्षाचा पुढे-मागे झुकाव) जवळजवळ शून्य ठेवलेला असे. रेडियल टायरसाठी सस्पेन्शन देईल तेवढा, शक्यतो ३ ते ५ अंशांचा धन कॅस्टर आणि सुमारे अर्धा अंश ऋण कॅम्बर (चाकाचा आतल्या बाजूला झुकाव) मागावा. अलाइनमेंटवाला संगणकातले १९६७ चे आकडे लावू पाहील. त्याच्या हाती हे आकडे लिहूनच द्यावेत. गाडी सरळ रस्त्यावर भरकटायची थांबते आणि वळणात पुढचे टायर कडेवर न झुकता रस्ता धरतात. पहिल्या मस्टँगमध्ये वरच्या कंट्रोल आर्मचा बिजागर सुमारे एक इंच खाली घेण्याची एक युक्ती आहे. फोर्डचे अभियंते क्लाउस आर्निंग यांनी ती शोधली आणि शेल्बीच्या गाड्यांत ती वापरली गेली. खर्च जवळजवळ फक्त भोके पाडण्याचा आणि लाभ मात्र प्रत्येक वळणावर मिळणारा.

झिजलेली रबरी बुशिंग बदलावीत, उत्तम शॉक ॲब्सॉर्बर घ्यावेत आणि पुढे जरा जाड अँटी-रोल बार लावावा. १९६७ च्या कमॅरोच्या मागे एकाच पात्याची स्प्रिंग असून जोरात निघताना धुरा उड्या मारतो. तिथे अनेक पात्यांची स्प्रिंग घालावी. मस्टँगसारख्या स्वतंत्र चासी नसलेल्या गाडीत पुढची आणि मागची फ्रेम जोडणारे कनेक्टर वेल्ड करून घेतल्यावर दारांची खडखड कमी होते आणि सस्पेन्शनला काम करायला घट्ट आधार मिळतो. स्प्रिंगा अतिशय कडक करण्याचा मोह टाळावा. खडबडीत रस्त्यावर उड्या मारणारी गाडी दिसायला शर्यतीची वाटली, तरी चाक हवेत असताना पकड शून्य असते. स्टिअरिंग फार ढिले असेल तर कमी फेऱ्यांचा जलद गुणोत्तराचा बॉक्स घ्यावा.

गिअरबॉक्सवरचा खर्च लोक टाळतात, पण गाडी दूरवर न्यायची असेल तर इंजिनाच्या कामाआधी हाच करावा. २६ इंच व्यासाचे टायर आणि मागच्या धुऱ्यातले गुणोत्तर ३.५५ चे असेल, तर ताशी ७० मैलांना चार गिअरच्या गाडीचे इंजिन मिनिटाला सुमारे ३,२०० फेरे घेते. ०.६८ चा ओव्हरड्राइव्ह मिळाला की तेच सुमारे २,२०० वर येते. आवाज, उष्णता आणि पेट्रोल तिन्ही उतरतात आणि शहरातली ओढ तशीच राहते. हाताच्या गिअरसाठी ट्रेमेकचे पाच गिअरचे बॉक्स आणि जनरल मोटर्सच्या ऑटोमॅटिकसाठी २००-४आर किंवा ७००आर४ हे रुळलेले पर्याय आहेत.

इंजिनाकडे आता यावे. पॉइंट्सच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, पंख्याभोवती नीट बसणारे आवरण, निकोप रेडिएटर आणि जाणकाराकडून जुळवलेला कार्बोरेटर, एवढ्यानेच बहुतेक जुनी व्ही-८ इंजिने पुन्हा जिवंत वाटू लागतात. त्यापुढे जायचे असेल तर आधी आधुनिक ॲल्युमिनियम सिलिंडर हेड घ्यावेत, ज्यांत बिनशिशाच्या पेट्रोलला टिकणारे कठीण व्हॉल्व्ह सीट असतात, आणि कॅमशाफ्ट त्यांना साजेशी पण बेताची निवडावी. मोठ्या कॅमचा धडधडणारा आवाज मोहक असतो, परंतु तिच्यामुळे मंद गतीत इंजिनाचा व्हॅक्यूम कमी पडतो, ब्रेकचा बूस्टर दुबळा होतो आणि आपण रोज वापरतो त्या १,५०० ते ३,५०० फेऱ्यांमधला जोर जातो. कॅम मागवताना गाडीचे वजन, मागचे गुणोत्तर, गिअरबॉक्स आणि पॉवर ब्रेक आहेत की नाहीत हे चारही तपशील विक्रेत्याला सांगावेत आणि तो सुचवील त्या दोन मापांपैकी लहान माप घ्यावे.